मैनाबाईचा कॅनडातला उन्हाळा

“पुढचा उन्हाळा मी नागपुरात काढला, तं माझं नाव बदला!”

मैनाबाई सक्करदऱ्यातल्या आपल्या ओट्यावर उभी राहून हे बोलली. तेही ऐन थंडीत, शाल पांघरून. आवाज असा, की जवळच्या तलावावरचे बगळे उडाले आणि गल्लीतल्या बायांच्या हातातल्या वालाच्या शेंगा हातातच राह्यल्या!

झालं असं होतं. मैनाबाईचा एकुलता एक पोरगा वैभव कॅनडात. तिथं त्यानं नोकरी धरली, बायको नेली, घर घेतलं, आणि आता मायबापाले कायमचं तिकडं न्यायचं म्हणून सरकारच्या दारी नाव टाकून बसला होता. तिकडचं सरकार मोठं मजेशीर बाप्पा! मायबाप बोलावणारे लय, जागा थोड्या, म्हणून चिठ्ठ्या काढते. ज्याचं नाव निघालं त्यानं पुढं यावं. तं त्या सकाळी वैभवचा फोन आला, “आई, आपलं नाव निघालं! आता पाह्य, पहिले आपल्याले...”

पहिले काय, ते मैनाबाईनं ऐकलंच नाही. फोन भिजवलेल्या पोह्याच्या परातीत पडला आणि बाई ओट्यावर! बिचारा वैभव पोह्यांसंगच बोलत राह्यला. मंग तो रोज फोन लावत राह्यला. पण लागंल कसा? मैनाबाई उमरेडपासून कळमेश्वरपर्यंत साऱ्या सोयऱ्यांले बातमी सांगून राह्यली होती.

तिचे मालक जागेश्वरराव. घराणं कोष्ट्याचं, पण हातमाग कधीचा भंगारात गेला. त्यांचा जन्म वाडीच्या गोदामात ट्रकांचा माल उतरवून घेण्यात गेला. माणूस मोठा गरीब. बोलायचं काम त्यांनी लग्नाच्या दिवशीच बायकोवर सोपवलं होतं. तरी हिंमत करून बोलले,

“अवं, पोराचं पुरं तं ऐकून घे.”

“त्यात ऐकायचं काय जी? नाव निघालं म्हणजे निघालं! माझ्या बापानं तुमचं नाव काढलं, तवा मी काही पुढचं विचारलं होतं का?”

“विचारलं असतं तं बरं झालं असतं,” जागेश्वरराव म्हणाले. पण ते मनातल्या मनात.

आता आपल्या लोकांची एक रीत तुम्हाले माहीत आहे. दूर जाणाऱ्याले जेवू घातल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. आज या घरी पाटोडी-रस्सा, उद्या त्या घरी सावजी मटण, परवा वडा-भात. जेवण झालं की बाईची ओटी, साडी, आणि बुवाले दुपट्टा-टोपी. मैनाबाई जेवत गेली, साड्या घेत गेली. जागेश्वररावाच्या डोक्यावर इतक्या टोप्या झाल्या, की दुकान टाकलं असतं तं चाललं असतं. पण या रीतीत एक अट असते. कोणी बोलून दाखवत नाही, पण सारे पाळतात. निरोपाचं जेवण जेवलं, की जायचंच!

जायचं म्हटल्यावर घरातलं सामान कायले ठेवायचं? मैनाबाईनं वाटायले काढलं. पलंग गेला, मिक्सर गेला, फ्रिज गेला. शिडी शेजारच्या चंपतरावानं नेली. हे चंपतराव म्हणजे रिटायर हवालदार. नोकरी सुटली, पण लाठी सुटली नाही. त्यांनी चौकात फ्लेक्स लावला, ‘कॅनडा प्रस्थानानिमित्त हार्दिक शुभेच्छा’. त्यात मैनाबाई आणि जागेश्वरराव तिकिटाएवढे, आणि शुभेच्छुक चंपतराव दरवाज्याएवढे!

राह्यला कूलर.

तुम्ही म्हणाल, कूलरमध्ये काय एवढं? हा कूलर म्हणजे साधासुधा नव्हता वं! पत्र्याचा, म्हशीएवढा. सुरू केला की पहिले खाकरे, मंग घुंगरू बांधल्यावानी छन् छन् करे, आणि मंग अशी हवा मारे की भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढं जाई! त्याच्यावर मागच्या गल्लीतल्या इंदुताईचा लय दिवसांचा डोळा. इंदुताई म्हणजे मैनाबाईची नणंद. तोंडात साखर, आणि साखरेखाली मिरची.

“वहिनी,” इंदुताई म्हणाली, “कूलर राहू द्या ना. लागला-सवरला तं?”

“लागते कायले?” मैनाबाईनं हात असा फिरवला जसा राजवाडा दान करून राह्यली. “न्या इंदुताई, खुशाल न्या! मी जिथं जाऊन राह्यली ना, तिथं देवच कूलर लावून बसला आहे!”

कूलर हातगाडीवर गेला. आणि त्याच दिवशी वैभवचा फोन लागला.

“काय गा, तारीख कोणती?” जागेश्वररावानं विचारलं.

“कसली तारीख बाबा?”

“यायची! तुझी माय तं दारातली तुळसही देऊन बसली.”

तिकडं वैभवनं कपाळावर हात मारला. मंग म्हणाला, “बाबा, नाव निघालं म्हणजे आता अर्ज करायची परवानगी मिळाली. आता अर्ज जाईल, मंग तपासणी होईल, डॉक्टर पाहील, पोलिसाचा दाखला लागंल... दोन-तीन वर्षं तं धराच.”

मैनाबाईनं फोन हिसकला.

“तीन वर्षं? अरे भैताडा, तुले मी नऊ महिन्यांत काढलं! तुझ्या घरी यायले तीन वर्षं कायची?”

“आई, तिथं नियम...”

“आणि माह्या पोराच्या घरी जायले पोलिसाचा दाखला? मी काय तुह्या घरून ताट-वाट्या घेऊन पळणार आहे? आणि डॉक्टर काय पाहील? बैल घेऊन राह्यले का बाजारातून?”

“तुम्ही कोणाले सांगितलं तं नाही ना अजून?” वैभवनं भीत भीत विचारलं.

मैनाबाईनं खिडकीतून चौकातल्या फ्लेक्सकडं पाह्यलं. “नाही,” म्हणाली. “विशेष असं कोणाले नाही.”

आता काय करता? खरं सांगावं, तं साऱ्या गल्लीचं मटण उलटून येते. मैनाबाई लागली थापा मारायले. पहिले म्हणाली, तिकडं थंडी आहे, विमानाचं इंजिन गारठलं. मंग म्हणाली, कॅनडाच्या विमानतळावर रस्ता खोदून ठेवला आहे. हे मात्र नागपूरच्या लोकांले लगेच पटलं! पण होळी झाली, ऊन तापलं, फ्लेक्सवरचा जागेश्वररावाचा चेहरा उडून गेला, आणि रोजचं सुरू झालं.

“काहून वं मैनाबाई, गेली नाही का अजून?”

“पाटोडी पचली असंल ना आतालोक?”

सगळ्यात वाईट इंदुताई. ती दारात येऊन, पदरानं वारा घेत बोले, “वहिनी, तुमचा कूलर काय हवा मारते बाप्पा! काल तं मी रजई घेऊन झोपली. तुम्ही कशा राहता वं या भट्टीत?”

आणि दुपारी मागच्या गल्लीतून आवाज येई. छन् छन्... छन् छन्... मैनाबाईले वाटे, आपलं लेकरू दुसऱ्याच्या घरी हसून खेळून राह्यलं आहे.

“जाऊन मागून घे,” जागेश्वरराव म्हणाले. अंगावर ओला पंचा, त्याची वाफ निघून राह्यली होती.

“मागू? मी? त्या बाईच्या दारात? मरीन, पण मागणार नाही!”

“मंग उमरेडले चल, तुह्या माहेरी.”

“तिथंही जेवून आली ना मी! दोन साड्या आणल्या!” मैनाबाईनं जमिनीवर हात आपटला. “आता एकच इलाज. जायचं!”

“कुठं?”

“कॅनडाले!”

जागेश्वररावाले वाटलं, बाईले ऊन लागलं. त्यांनी कांदा आणायले हात लांबवला. पण ऊन लागलं नव्हतं, बेत शिजला होता.

दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीनं निरोप दिला. हातावर दही, ओटीत नारळ, ऑटोले झेंडूचा हार. बॅगांमध्ये जुनी वर्तमानपत्रं कोंबली होती. चंपतरावानं विमानतळावर यायचा लय हट्ट धरला. मैनाबाई म्हणाली, “नका येऊ भाऊ. तिथं आजकाल रडायले बंदी आहे, दंड लावतात.” ऑटो गेला विमानतळाच्या वाटेनं वर्धा रोडले. तिथं दोघं एका कडुनिंबाखाली बसली, उसाचा रस प्याली, आणि वरून एक विमान जाऊन राह्यलं होतं त्याले मैनाबाईनं हात जोडले.

परत कशी आली म्हणता? अवं, नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर असते कोण? कुत्रं नाल्यात, माणूस घरात! आणि जे कोणी असते, ते डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा बांधून. बाप पोराले ओळखत नाही. दोघं दुपट्टे गुंडाळून मागच्या दारानं घरात शिरली. पुढच्या दाराले कुलूप तसंच!

आता सुरू झाला मैनाबाईचा कॅनडातला मुक्काम.

फोडणी द्यायची नाही, वास जाईल. खोकायचं नाही, आवाज जाईल. खिडकी उघडायची नाही. कुकरची शिट्टी तं पापच! दोघं सातू भिजवून खात आणि फरशीवर आडवी पडत. फरशी अशी तापे, की जागेश्वरराव कूस बदलत तं पोळी उलथल्यासारखं वाटे. आणि वरून सोयऱ्या-शेजाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज. ‘पोहोचल्या का?’ ‘बर्फ पाह्यला का?’ ‘फोटो टाका ना!’

“टाकू,” मैनाबाई म्हणाली. “त्यांच्या छातीवर टाकू!”

घरात उरलेल्या एकुलत्या एक गादीवर तिनं विळी चालवली. सारा कापूस काढला, पिंजला, खोलीभर पसरला. भिंतीले पांढरी चादर. जागेश्वररावाले स्वेटर, मफलर, कानटोपी. स्वतःले दोन स्वेटर. डोक्यावर कापूस, खांद्यावर कापूस, भुवयांवर कापूस! नवतपा सुरू झाला होता, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात आगीचे नऊ दिवस, पारा फुटायच्या बेतात होता, आणि हे दोघं म्हातारे कुडकुडायचं सोंग करून राह्यले होते.

“हसा!” मैनाबाई म्हणाली आणि सेल्फी काढली.

“मले चक्कर येऊन राह्यली,” जागेश्वरराव म्हणाले.

“येऊ द्या. थंडीनं येते असं वाटंल!”

फोटो गेला. ग्रुपवर हात जोडलेले, फुलं, दिवे! फक्त इंदुताईनं लिहिलं, ‘वहिनी, बर्फात घाम कसा आला वं?’

मैनाबाईनं ठोकून दिलं, ‘घाम नाही, अंगावरचा बर्फ वितळून राह्यला.’

तेवढ्यात वैभवचा फोन. “आई, हे काय? इथं तं बर्फ जाऊन महिना झाला! लोक हाफ पँटवर फिरून राह्यले. माझ्या सासऱ्याचा फोन आला, म्हणे जावईबापू, आईबाबा पोहोचल्याचं कळवलं नाही!”

“तू चूप राह्य!” मैनाबाई दबक्या आवाजात कडाडली. “तुह्याच देशाले शिस्त नाही! मायबाप येऊन राह्यले म्हटल्यावर थोडा बर्फ ठेवता नाही आला?”

फोटोचं काम झालं, पण त्या स्वेटरांनी जीव घेतला. मैनाबाई भिंतीले टेकून बसली. केसातला कापूस काढायचंही बळ नव्हतं. आणि तेव्हाच मागच्या गल्लीतून आलं...

छन् छन्... छन् छन्...

मैनाबाई ताडकन उठली. “उठा जी!”

“आता कुठं? लंडनले?”

“माहा कूलर आणायले!”

“अवं, चोरी होते ती!”

“चोरी? मी सासू-नणंदांच्या घरात भांडी घासून घेतलेला कूलर! तो तिथं त्या इंदुताईले गार करून राह्यला, आणि मी इथं कापसात शिजून राह्यली! चोरी कोणाची?”

दुपट्टे बांधले. मागच्या बोळीत एक रिकामी हातगाडी होती, ती ओढली. गल्लीत चिटपाखरू नाही. कूलर इंदुताईच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, तोंड आत करून. आतून इंदुताईचं घोरणं. खिडकीच्या फटीतून आत गेलेली वायर मैनाबाईनं हळूच ओढली. कूलर छन् करून थांबला. दोघांनी देवाचं नाव घेतलं, कूलर गाडीवर घेतला, आणि पळाली! एवढं जड काहून लागून राह्यलं, हे विचारायले जागेश्वररावांजवळ श्वास नव्हता.

आता आवाजानं माणूस जागं होते, हे साऱ्यांले माहीत. पण नागपुरात उन्हाळ्यात माणूस आवाज थांबला की जागं होते! कूलर थांबला, आणि इंदुताईचा डोळा उघडला.

“चोर! चोर! अवं धावा, माहा कूलर नेला!”

घराघरातून लोक बाहेर. कोणी उघडं, कोणी पंचावर. सगळ्यात पुढं चंपतराव, लाठी घेऊन. “शांत!” म्हणाले. “कोणी हलू नका. पुरावा तुडवला जाईल.”

पुरावा कुठला? तं रस्त्यावर पाण्याची एक लांब धार! अव माय, हे दोघं कूलरची टाकी रिकामी करायची विसरले होते ना! इंदुताईच्या खिडकीपासून बोळीतून वळत वळत, ते पाणी सरळ जाऊन राह्यलं होतं... मैनाबाईच्या मागच्या दाराशी.

“हे पाहा,” चंपतराव म्हणाले, “बिचारे कॅनडात गेले, तं इकडं चोरांनी घर बळकावलं!”

आत मैनाबाईनं कूलर लावला होता. छन् छन् झालं. खाकरला. आणि मंग अशी हवा मारली, अशी हवा मारली, की खोलीभर पसरलेला सारा कापूस उडाला! छताले गेला, भिंतीले गेला, दोघांच्या नाकातोंडात गेला. जागेश्वररावांनी अशी शिंक दिली, की मागच्या दाराची कडी आपोआपच ढिली झाली असंल. बाकीचं चंपतरावाच्या लाठीनं केलं. दार धाडकन आत पडलं!

दारात सारी गल्ली, हातात काठ्या, उलथने. आत म्हशीएवढा कूलर. खोलीत कापूस भुरभुरून राह्यला. आणि मधोमध कॅनडाचे दोन रहिवासी, पांढरेफट, भुतावानी!

इंदुताईचा आ वासलेला, त्यात थोडा कापूस गेला.

आता दुसरी कोणी असती तं पदरात तोंड लपवलं असतं. पण मैनाबाई! तिनं कमरेवर हात ठेवले.

“दार तोडलं? विचारायचं नाही, पुसायचं नाही? कॅनडात असं कोणी करत नाही!”

झालं! पुढचं काय सांगू? बाया हसून हसून ओट्यावर लोळल्या. फक्त इंदुताई हसली नाही. ती म्हणाली, “वहिनी, साड्या राहू द्या. पण जे जेवल्या ते फेडा.” मंग मैनाबाईले साऱ्या गल्लीले पंगत द्यावी लागली. ज्यानं त्यानं आपल्या घरी काय घातलं होतं तेच मागितलं. पाटोडी-रस्सा, वडा-भात, मटण. जागेश्वरराव टोपी घालून वाढत होते. कूलर मात्र मैनाबाईनं दिला नाही. म्हणाली, “न्यायचा असंल तं मले त्याच्यासंग न्या!” इंदुताई दोघांले नेण्यापेक्षा नवा कूलर घ्यायले तयार झाली.

आणि खरं सांगू? दोन-तीन वर्षं गेली, आणि कागद आले! खरे! वैभव स्वतः न्यायले आला. मैनाबाईनं ओट्यावर उभं राहून सांगितलं, “आता खरंच जाऊन राह्यली वं!”

बाया शेंगा निवडत राह्यल्या. कोणी मान वर केली नाही.

निरोपाचं जेवण कोणी विचारलं नाही. दही नाही, नारळ नाही. मैनाबाईनं इंदुताईले कूलर देऊ केला, तं ती हात जोडून म्हणाली, “नको वहिनी. दुपारी परत न्यायले याल, मले झोपेतून उठा लागंल.” चंपतराव फक्त एवढं बोलले, “मागच्या दाराची कडी नीट लावून घेजा. कोणी सरळ आत येते.”

मैनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. विमानात ती जागेश्वररावासंग कॅनडा येईपर्यंत बोलली नाही. त्यांचा तेवढाच प्रवास सुखाचा झाला.

थंडी आली, आणि बर्फ पडला. असा पडला, असा पडला, की वैभवची गाडी दिसंना! मैनाबाई दोन स्वेटर, कोट, कानटोपी घालून कंबरभर बर्फात जाऊन उभी राह्यली. डोक्यावर बर्फ, खांद्यावर बर्फ, भुवयांवर बर्फ! नाक लाल, दात वाजून राह्यले. पण डोळ्यात असं तेज, जसं गड जिंकला. “काढ गा फोटो! टाक ग्रुपवर! आता पाहते कोण काय बोलते!”

फोटो गेला. मैनाबाई ओल्या बोटांनी फोन धरून बसली.

पहिले चंपतरावाचा मेसेज आला. ‘तुमच्या दारासमोर लाठी घेऊन उभा आहे. मुकाट्यानं कडी काढा.’

आणि मंग इंदुताईचा.

‘लय छान वहिनी! यंदा कापूस चांगला पिंजला. आणि या खेपेले घामही नाही. कूलर नवा घेतला वाटते!’